मंथला यमक मिळत नाही

इंग्रजीतल्या 'मंथ' या शब्दाला यमक नाही. मराठी कानाला हे पटत नाही, कारण देवनागरीत 'मंथ' लिहिला की संथ, पंथ, ग्रंथ लगेच शेजारी येऊन बसतात. पण इंग्रजीच्या स्वतःच्या शब्दसाठ्यात तसा शेवट असलेला दुसरा रोजचा शब्दच नाही. गणितवाल्यांचा 'एन प्लस वन्थ', म्हणजे एनच्या पुढचा, तेवढा जुळतो. 'बल्ब'लाही जोड नाही. 'सिल्व्हर'साठी शोधत गेलं की खूप आत 'चिल्व्हर' सापडतो, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. 'ऑरेंज'साठी तर थेट वेल्समध्ये जावं लागतं. तिथे ॲबरगॅव्हनी गावाजवळ 'ब्लॉरेंज' नावाचा डोंगर आहे.

अशा जोड्या मी वहीत लिहून ठेवते. बरीच वर्षं हे चालू आहे. बसमध्ये, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, भाजी निवडताना एखादा इंग्रजी शब्द मनात धरायचा आणि त्याचे जोडीदार शोधत बसायचं. कविता करण्यासाठी नव्हे. या शोधामुळे मला इंग्रजी ऐकू यायला लागलं, म्हणून.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. ती भाषा आम्हाला भेटली ती डोळ्यांनी. वर्गात एकच आवाज असायचा, बाईंचा. बाकी सगळं पुस्तकात. धड्यातल्या प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर आम्ही टोकदार पेन्सिलीने बारीक देवनागरीत उच्चार लिहायचो, आणि मग वाचायचो ते वरचं, खालचं नाही. पुढे कॉलेजात इंग्रजी माध्यमाच्या मुलामुलींमध्ये ही सवय लपवावी लागे. आज मला वाटतं, यमक शोधायला त्या पेन्सिलीइतकं चांगलं साधन नव्हतं.

कारण इंग्रजीचं पान या बाबतीत अजिबात विश्वासाचं नाही. ओ-यू-जी-एच अशा चार अक्षरांनी संपणारे शब्द घ्या. थ्रू, दो, रफ, कॉफ, बाउ. कागदावर ही सख्खी भावंडं दिसतात आणि तोंडात आल्यावर एकमेकांना ओळखही देत नाहीत. उलट ब्लू, थ्रू, शू, टू, व्ह्यू आणि क्यू या सहा शब्दांत शेवटचा 'ऊ' सहा तऱ्हांनी लिहिलेला आहे, आणि तरी ते एकमेकांची निर्दोष यमकं आहेत. बर्ड, वर्ड, हर्ड, कर्ड हेही तसेच. देवनागरीत लिहिलं की हे घराणं एका नजरेत कळतं.

गेरार्ड नोल्स्ट ट्रेनिटे या डच शिक्षकाने यावर एक लांबलचक कविताच लिहिली, 'द केऑस' नावाची. १९२० साली ती त्याच्या उच्चारशिक्षणाच्या पुस्तकाला जोडून छापली गेली. सारखे दिसणारे पण वेगळे वाजणारे इंग्रजी शब्द त्याने ओळीओळीत एकमेकांसमोर उभे केले आहेत. मला ती कविता फार जवळची वाटते. इंग्रजी ही ज्याची आईची भाषा नाही, ज्याला ती पानावरून उतरवून घ्यावी लागली, अशाच माणसाला एवढं बारीक ऐकण्याची गरज पडते.

अर्थात देवनागरीही कधी कधी फसवते. आपल्या 'ए'मध्ये इंग्रजीचे दोन स्वर कोंबलेले असतात. मिळवणे या अर्थाचा 'गेट' आणि फाटक या अर्थाचा 'गेट' आपण एकसारखे लिहितो आणि बहुतेक जण एकसारखे बोलतोही. टेस्टचंही तेच. परीक्षेची टेस्ट वेगळी, चवीची वेगळी. म्हणून 'लेट' आणि 'गेट' हे यमक जुळतं का, याचं उत्तर कुठला लेट आणि कुठला गेट यावर अवलंबून आहे. दुसरी अडचण शेवटच्या 'स'ची. 'प्लेज' आणि 'प्लेस' हे दोन्ही आपल्याकडे सर्रास 'प्लेस' होतात, आणि मग 'खेळतो' आणि 'जागा' यांचं यमक जुळल्यासारखं वाटतं. इंग्रज कानाला ते जुळत नाही.

पण याहून मोठा फरक खोलवर आहे. मराठी कान शब्दाचा शेवट ऐकतो. 'ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा' यात पावसा आणि पैसा यांच्यात फक्त शेवटचा 'सा' समान आहे, आणि 'पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा' यात तर 'ट'ला 'ठ' चालून गेलाय. गाणं कुठेही अडखळत नाही. या पावसात वाढलेल्या कानाला 'टीचर' आणि 'पिक्चर' हे बिनतोड यमक वाटतं. दोन्हींच्या शेवटी 'चर' आहे ना? इंग्रजीत मात्र यमक शेवटापासून नव्हे, आघातापासून मोजतात. शब्दात जोर ज्या स्वरावर पडतो, त्यातला शेवटचा जोराचा स्वर धरायचा, आणि तिथपासून पुढचं सगळं तंतोतंत सारखं हवं. टीचरमध्ये जोर 'टी'वर, म्हणून त्याचे जोडीदार क्रीचर, प्रीचर, फीचर. पिक्चरमध्ये जोर 'पि'वर, म्हणून त्याला हवा स्ट्रिक्चर. नेशन आणि स्टेशन जुळतात, फॅशन त्यांच्यात बसत नाही. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता. जोड्या लिहिता लिहिता, का जुळलं आणि का नाही जुळलं हे ताडून बघताना तो हाताला लागला, आणि त्या दिवसापासून इंग्रजी शब्दात जोर कुठे असतो हे मला पहिल्यांदा नीट ऐकू येऊ लागलं.

नियमाचा दुसरा भाग आपल्याला आणखी चकित करतो. त्या जोराच्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळंच असलं पाहिजे. दृष्टी या अर्थाचा 'साइट' आणि जागा या अर्थाचा 'साइट' हे इंग्रजीत यमक धरत नाहीत. आपल्या संस्कृत-मराठी परंपरेत तर यमक म्हणजे मुळात हेच. तीच अक्षरं, त्याच क्रमाने, पण अर्थ निराळा. त्यातच कवीचं कसब. वामन पंडितांना 'यमक्या वामन' हे नाव मिळालं ते यासाठी, आणि मोरोपंतांच्या आर्या वाचताना आपण थांबून दाद देतो तीही यालाच. इंग्रजीतही हे एके काळी चालत असे. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या अगदी सुरुवातीच्या ओळींत शोधणे या अर्थाच्या 'सीक'ला आजारी या अर्थाच्या तेव्हाच्या 'सीक'ची जोड दिली आहे. ती फ्रेंच कवितेची आवड होती. पुढच्या इंग्रजीला ती मानवली नाही. मला चॉसरची ती जोडी वाचताना मोरोपंत आठवतात, आणि सहाशे वर्षांपूर्वीचा लंडनचा तो माणूस एकदम ओळखीचा होतो.

इंग्रजी ही यमकांच्या बाबतीत गरीब भाषा आहे. प्रत्यय झडून गेले, शब्द आखूड झाले, त्यामुळे सारखे शेवट कमी उरले. इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त, म्हणून तिथला सुनीतकार, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट लिहिणारा कवी, पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर सहज पेलतो. इंग्रजीत ते सुनीत आलं तेव्हा कवींनी त्याची बांधणीच बदलली. चौदा ओळींत सात वेगवेगळी यमकं, प्रत्येकाला एकच जोडीदार शोधला की झालं. शेक्सपिअरच्या नावाने ओळखला जाणारा सुनीताचा साचा मला याच गरजेतून आलेला दिसतो.

या गरिबीचा सगळ्यात मोठा फटका बसला तो 'लव्ह' या शब्दाला. ज्या शब्दावाचून कवितेचं चालत नाही, त्याला इंग्रजीत धड पाच जोडीदार नाहीत. डव्ह, ग्लव्ह, अबव्ह, शव्ह. म्हणजे पारवा, हातमोजा, वर आणि ढकलणे. आता यातून प्रेमाची कविता करायची. हातमोजा क्वचित कामाला येतो, ढकलणे त्याहून क्वचित. राहिले पारवा आणि वर. शतकानुशतकं इंग्रजी प्रेमगीतांत पारवे का घुमतात आणि प्रेमिक वर आकाशाकडे का पाहतात, याचं बरंचसं कारण या चार शब्दांत आहे असं माझं ठाम मत आहे. पारवा प्रेमाचं प्रतीक आहे हे खरंच, पण त्याचं नाव जुळत नसतं तर तो इतक्या कवितांत आला नसता.

असंच 'डेथ'चं. तिथे नाव घेण्यासारखा एकच जोडीदार, ब्रेथ. मरण आलं की पुढच्या ओळीत श्वास येणारच. 'लाइफ'ला वाइफ, नाइफ आणि स्ट्राइफ, म्हणून जगणं इतक्या वेळा झगडा होतं. 'हेवन'ला सेव्हन, इलेव्हन आणि खमीर या अर्थाचा 'लेव्हन'. स्वर्गाबद्दल गंभीर काही सांगणाऱ्या कवीला सात आणि अकरा हे आकडे घेऊन काय करता येणार? म्हणून इंग्रज कवींनी आपसांत ठरवल्यासारखं 'गिव्हन' आणि 'ड्रिव्हन' हे न जुळणारे शब्द हेवनपाशी चालवून घेतले. आपल्या 'प्रेम'लाही नेम आणि क्षेम यापलीकडे फारसं काही मिळत नाही. पण मराठी कवीला प्रीती घेता येते, आणि मग रीती, नीती, भीती असा सारा रस्ता मोकळा होतो. माया घेतली तर छाया, काया. इंग्रजी कवीला लव्हला बगल देता येत नाही. अरुंद जागेत उभं राहूनच त्याला नवं काही म्हणावं लागतं, आणि काही जण ते म्हणून गेले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या गरजेपोटी यमकांचे कोश निघाले. १५७० साली पीटर लेव्हिन्सने इंग्रजी-लॅटिन कोश काढला, त्यात शब्द त्यांच्या शेवटांनुसार लावले होते. पण खरं नाव झालं जॉन वॉकरचं. हा आधी नट होता, नंतर शुद्ध उच्चार शिकवू लागला. १७७५ साली त्याने जो कोश छापला त्यात शब्दांचा क्रम उलटा होता, शेवटच्या अक्षरापासून मागे. बायरनने १८१८ च्या 'बेप्पो'त यमकासाठी वॉकरचा कोश हाताशी घेतो असं चक्क कवितेतच म्हणून ठेवलंय. पुढच्याच वर्षी 'डॉन जुअन'मध्ये त्याने 'इंटलेक्च्युअल'ला 'हेनपेक्ट यू ऑल' जोडलं, जे कुठल्या कोशात मिळण्यासारखं नव्हतं. विदुषींच्या नवऱ्यांना तो विचारतोय, खरं सांगा, बायकांनी तुम्हाला धाकात ठेवलंय ना? तीन शब्द मिळून एका लांब शब्दाला जुळवायचे हा खेळ मोरोपंतांना नक्की आवडला असता.

आता हे काम संगणक करतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने एक उच्चारकोश खुला करून दिलाय. त्यात १,३०,००० हून अधिक शब्द आहेत. प्रत्येक शब्द ३९ ध्वनींच्या खुणांत फोडलेला, आणि प्रत्येक स्वरापुढे ०, १ किंवा २ असा आकडा. शून्य म्हणजे जोर नाही, १ म्हणजे मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम. यंत्राने शेवटचा जोराचा स्वर शोधायचा, तिथून शेवटापर्यंतचा तुकडा कापायचा आणि तोच तुकडा आणखी कुठे आहे ते पाहायचं. अक्षरांकडे बघायचंच नाही. पेन्सिलीने आम्ही करत होतो ते हेच, फक्त जोराची खूण आम्ही करत नव्हतो.

तरी मी यादी उघडत नाही, निदान आधी तरी नाही. मला व्यंजनांवरून चालत जायला आवडतं. 'लाइट' धरला की बाइट, ब्राइट, काइट, फाइट, फ्राइट, फ्लाइट, हाइट, माइट, नाइट असं एकेक दार वाजवत जायचं. सगळी व्यंजनं संपली की जोडाक्षरं. यात मध्येच असा एखादा शब्द भेटतो जो वाचलेला असतो पण कधी तोंडाने म्हटलेला नसतो. 'ब्लाइट' मला असाच भेटला, पिकावरचा करपा. यादीत तो खाली कुठेतरी राहून गेला असता.

आणि मग ज्यांनी यमक मुद्दाम जुळू दिलं नाही ते कवी आहेत. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट' यमकाविना लिहिलं आणि १६६८ मध्ये त्याला टिपण जोडून यमक हा रानटी काळाचा शोध असल्याचं बजावलं. त्याच्याशी मी सहमत नाही, आणि पुढे जाते. विल्फ्रेड ओवेनपाशी मात्र थांबावंच लागतं. पहिल्या महायुद्धातला हा तरुण इंग्रज अधिकारी ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा असताना, फ्रान्समध्ये मारला गेला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. 'स्ट्रेंज मीटिंग' या त्याच्या कवितेत एक सैनिक जमिनीखालच्या भुयारात उतरतो आणि त्याला भेटतो तो त्यानेच आदल्या दिवशी मारलेला शत्रू. त्या कवितेतल्या जोड्या पाहा. एस्केप्ड आणि स्कूप्ड. ग्रॉइन्ड आणि ग्रोन्ड. हॉल आणि हेल. व्यंजनं दोन्हीकडे जागच्या जागी आहेत, फक्त मधला स्वर बदललाय. इंग्रजी यमकाचा नियम याच्या बरोबर उलट आहे. तिथे स्वर सारखा आणि आधीचं व्यंजन वेगळं. ओवेनने नियम आतून उलटा केला. वाचताना कान प्रत्येक ओळीच्या शेवटी जुळण्याची वाट पाहतो आणि प्रत्येक वेळी एक पायरी चुकल्यासारखा खाली जातो. हे मला पहिल्यांदा कळलं तेही देवनागरीत जोड्या लिहिताना. 'हॉल' आणि 'हेल' शेजारी लिहिले, ह आणि ल तसेच, फक्त मात्रा बदललेली. आपली लिपी व्यंजनाला धरून स्वर त्याच्या अंगावर चढवते, म्हणून ओवेनचं कसब तिच्यात उघडं दिसतं.

यमकं जुनी झाली की त्यांच्यात मेलेल्या माणसांचे आवाज उरतात. शेक्सपिअरच्या १६०९ साली छापलेल्या सुनीतांपैकी ११६वं 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' या जोडीवर संपतं. आज ते जुळत नाही. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञांनी शेक्सपिअरच्या काळचे उच्चार पुन्हा मांडून दाखवले, आणि २००४ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे प्रयोग त्या उच्चारांत झाले. त्यांच्या मते या दोन्ही शब्दांत तेव्हा एकच आखूड स्वर होता. कवीने डोळ्यांना फसवलं नव्हतं. ते यमक खरोखर वाजत होतं. अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी ॲनच्या दरबाराचं वर्णन करताना 'ओबे'ला 'टी' जोडला, म्हणजे चहाला तेव्हा 'टे' म्हणत. आपण शाळेत हातवारे करून म्हणायचो त्या जॅक आणि जिलच्या गाण्यात 'वॉटर' आणि 'आफ्टर' आहेत. आयोना आणि पीटर ओपी या बालगीतांच्या अभ्यासक दांपत्याने त्या जोडीवरून गाण्याचं पहिलं कडवं सतराव्या शतकातलं असावं असा अंदाज बांधला. गूझी गूझीच्या गाण्यातले 'गँडर' आणि 'वॉन्डर' हेही एके काळी जुळत होते. आधीच्या डब्ल्यूने पुढच्या 'अ'ला गोल करून 'ऑ'कडे ओढून नेलं, म्हणून आज ते फाटलेले दिसतात.

आणि पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का? आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक मुलाने हा प्रश्न विचारलाय, आणि बहुतेकांना 'ते तसंच असतं' हे उत्तर मिळालंय. खरं उत्तर आहे. पूर्वी ते तसं नव्हतं. दोन्ही शब्दांत 'उ' होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या बोलीत काही शब्दांतला हा 'उ' सुटून 'अ'कडे गेला, काहींतला जागीच राहिला. बट गेला, पुट राहिला. उत्तर इंग्लंडमध्ये हा बदल पोचलाच नाही.

माझी भाची लीड्सला राहते. तिचा मुलगा तिथल्या शाळेत जायला लागल्यावर काही महिन्यांनी तिचा फोन आला. "मावशी, हा बसला बुस म्हणायला लागलाय गं. कप म्हणत नाही, कुप म्हणतो. इतकं स्वच्छ इंग्रजी बोलायचा!" मी तिला म्हटलं, "त्याला अजिबात दुरुस्त करू नकोस. आणि मला त्याच्याशी बोलू दे."

तेव्हापासून रविवारी त्याच्याशी बोलताना मी माझ्या वहीतल्या जोड्या त्याच्यापुढे ठेवते. शब्द तो आपल्या पद्धतीने म्हणतो, मग विचार करतो आणि निकाल देतो. पुट आणि बट जुळतात. गुड आणि ब्लड जुळतात. गवताचा ग्रास आणि स्वयंपाकाचा गॅस जुळतात, कारण तिथे गवताला ग्रॅस म्हणतात. वन आणि गॉन जुळतात, त्याच्या तोंडी वन हा वॉन असतो. 'वुल्फ'ला प्रमाण इंग्रजीत यमक नाही असं पुस्तकं सांगतात, पण त्याने 'गल्फ' असा काही म्हणून दाखवला की लांडग्याला जोडीदार मिळाला. मी ती जोडी लिहून घेतली आणि पुढे कंसात 'लीड्स' असं गावाचं नाव घातलं. लव्ह आणि मूव्ह मात्र त्याच्याकडेही जुळत नाहीत. दोनदा म्हणवून घेतलं.

परवा त्यानेच मला उलट विचारलं, "मावशीआजी, मराठीत पाऊसला काय राइम होतं?" मी सांगितलं, "हाऊस." तो म्हणाला, "ते तर इंग्लिश आहे." मग मी त्याला हौस हा शब्द सांगितला. तो दोन्ही शब्द चार-पाचदा म्हणून बघत बसला.